पोटाबाहेरच्या पिशव्या

जपानमधल्या ओकाझाकीच्या प्रयोगशाळेत चिझुरूचं आयुष्य यीस्टला उपाशी ठेवण्यात गेलं होतं. उपाशी यीस्ट स्वतःचाच जुना माल पिशव्यांत भरतं आणि पोटात, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या कप्प्यात, नेऊन पचवतं. पिशवी पोटात पोचवणारं प्रथिन ज्यात बिघडलंय, असं यीस्ट तिला हवं होतं. नव्यानं रुजू झालेल्या मिहारूला तिनंच शिकवलं होतं, "पचन बंद पाडलेल्या यीस्टचंही पोट रिकामं दिसलं, की पिशव्या झाल्याच नाहीत समजायचं. पुढची बशी घ्यायची."

आज मिहारू ओरडली, "चिझुरूसान, पिशव्या आहेत की! पोटाबाहेर अडकल्यात!"

ती बशी चिझुरूनंच बाद केलेली होती. प्रयोगशाळेचे प्रमुख फुरुहातासेन्सेई खूश होऊन म्हणाले, "आल्या आल्या सापडलं हिला! नजर लागते त्याला, नजर."

"नजरच लागणार आता," चिझुरू पुटपुटली.

मिहारूनं पुढे केलेली मोची, तांदळाची मिठाई, तिनं नको म्हटली. सगळे जेवायला गेल्यावर तिनं आपल्या बाद बश्या फ्रिजमधून काढल्या आणि पेशींच्या पोटाबाहेर बघायला सुरुवात केली. मिहारू परतताच तिनं सूक्ष्मदर्शकाभोवती कोपर टेकवलं, परीक्षेत उत्तरपत्रिका झाकावी तसं.