धन्यानं नेलेले दात

दुपार कलंडते आहे. बाहेर मांडवात पोरी हळदीचं जातं मांडताहेत, आणि आत ताराक्का भिंतीला पाठ लावून डोळे मिटून बसली आहे. नात केतकी आत्ताच पाय आपटून गेली. "आज्जी, तू जात्यावर ओवी म्हणायला बसली नाहीस तर माझी हळद मुकी जाईल!"

"हिरड्या दुखत्यात गं," ताराक्का म्हणाली.

कुणाच्या दुखत्यात हिरड्या! खरं दुखणं निराळंच. वैशाखात नवरा गेला, रंगराव. शेवटच्या दर्शनाला तोंड बसलेलं दिसू नये म्हणून लेकाने, शिवाने, रडत रडत बापाच्या तोंडात कवळी बसवली. फळीवर दोन वाट्यांत दोघांच्या कवळ्या होत्या. पोराने डोळ्यांतल्या पाण्यात भलतीच उचलली. ताराक्काचे दात रंगरावाबरोबर चितेवर गेले. तिला कळलं ते तिसऱ्या दिवशी, भाकरीचा तुकडा तोंडात घालताना. आता शिवाला सांगायचं कसं? बापासाठी लेकराने केलेलं शेवटचं काम. त्यात खोट काढायची? तिने भाकरी कुस्करून खाल्ली. पण ओवी कुस्करून म्हणता येत नाही. शब्द ओठांवर येतात आणि लाळेत विरघळतात.

जात्याची घरघर जवळ येते. मग ती पाण्याखालून आल्यासारखी येते. मग घरघर राहत नाही, उसाच्या पात्यांची सळसळ होते.

ताराक्का उसाच्या फडात उभी आहे. सरीच्या मधोमध दातांच्या डॉक्टरची खुर्ची, वर तो गोल दिवा, आणि खुर्चीत पाय पसरून रंगराव. हातात उसाचं कांडं. कडाकडा सोलून खातो आहे.

"बस की गं," तो म्हणतो.

"कुठं बसू? खुर्ची तुम्ही अडवलीया."

"गोड हाय ऊस."

"गोडच लागंल! दात कुणाचे हायत?"

रंगराव हसतो. तिचेच दात त्याच्या तोंडात शोभून दिसतात, याचाच तिला जास्त राग येतो. जन्मभर या माणसाने स्वतःची कवळी तोंडात घातली नाही. सदऱ्याच्या खिशात घेऊन हिंडायचा, पाहुण्यांपुढे तपकिरीच्या डबीसारखी काढायचा. आणि आता!

"अवो, जित्तेपणी मी म्हणत होते, कवळी घाला, घाला. तवा टोचत होती."

"ती टोचायची. ही न्हाई टोचत."

"ती माझी हाय!"

"मग मी मागितली का? तुझ्या लेकानं घातली."

"माझ्या लेकानं! चांगलं केलं की तुमचा, चुकलं की माझा."

ऊस आता नाही. ते दोघं एसटीच्या फलाटावर बाकावर बसलेत, आणि फलाटाला नदीचं पाणी लागलं आहे. गाडी येणार आहे की नाव, कुणालाच ठाऊक नाही. रंगराव तिच्याकडे निरखून बघतो.

"गाल किती बसलं गं तुझं."

"बसतील न्हाई तर काय! नातीची हळद हाय आज. मुक्यानं बसू?"

"म्हण की एक. मला म्हणून दाखीव."

"दातांबिगर?"

"हितं कोण हाय हसायला?"

रागाच्या भरात ताराक्का तोंड उघडते, आणि ओवी आपोआप येते, बोबडी, ओली:

*दुधाचे गेले दात, अकलेचे बी गेले*
*इकतचे होते, ते बी धन्यानं माझ्या नेले*

रंगराव गुडघ्यावर थाप मारून हसतो. हसता हसता त्याचे डोळे भरतात. "हीच म्हण हळदीत. अख्खा मांडव हसंल."

"आणि शिवा?"

"आधी रडंल. मग हसंल."

"तुमाला काय जातंय सांगायला! त्याचं तोंड मला बघावं लागंल."

"लेकराला चुकायला आईपुढं न्हाई, तर कुणापुढं जागा हाय?"

ताराक्का हातघाईवर येते. "शानपन ऱ्हाऊ द्या. आधी माझे दात द्या." ती सरळ त्याच्या तोंडात हात घालते. रंगराव मान झटकतो, ती सोडत नाही, आणि तो कचकन चावतो.

"आई गं!"

मांडवातून केतकी धावत येते, मागून हळदीने माखलेल्या हातांचा शिवा. "काय झालं आई?"

ताराक्का स्वतःच्या हाताकडे बघत बसली आहे. तळव्याच्या कडेला दातांची लालभडक महिरप उमटली आहे. वरचा दुसरा दात जरासा तिरका. मूळचा होता तसाच तिरका बसवा, नाहीतर माझं मलाच ओळखू येणार नाही, असं तिनेच कवळी करताना डॉक्टरला बजावलं होतं.

ती हात पुढे करते.

"शिवा, इकडं ये. तुझ्या बापानं चावलंय मला. बस हितं, आणि कुणाच्या दातांनी चावलंय, ते ऐक."