मातीतल्या हातातली तार

नागपूरच्या एका प्राध्यापकांनी मला फसवलं. हे आधी लिहून ठेवतो, बाकीचं नंतर... भूतबित मी मानत नाही. मोहफुलांच्या टोपलीपासून सुरुवात करून गोंदियात सीटी स्कॅन सेंटर उभं केलं मी. डोळ्यांना दिसतं तेवढंच मानतो.

२००७ चा उन्हाळा. केशोरीजवळ दगडांच्या वर्तुळाखाली हजारो वर्षांपूर्वीचं दफन सापडलं होतं. प्राध्यापकांनी त्यातली हाताची हाडं मातीच्या गोळ्यासकट प्लास्टरमध्ये बांधून आणली. न फोडता आत बघायचं होतं. मी घासाघीस केली — स्कॅन फुकट, पण अहवालात माझ्या सेंटरचं नाव आणि फिल्मची एक प्रत मला. ते कबूल झाले.

आमची टेक्निशियन सुनीता अडली. "भाऊ, पेशंटचं नाव टाकल्याबिगर मशीन सुरूच होऊन नाही राहिली."

"माझं टाक."

"अन् वय?"

"तेही माझंच. हा काय तक्रार करायले येऊन राहिला?"

प्राध्यापकही हसले. मग पडद्यावर चित्र आलं. एक हाड मोडून वाकडं जुळलेलं... आणि त्याभोवती पांढरीफटक तार. दोन वेढे, टोकाला पीळ.

माझा डावा हात आपोआप पाठीमागे गेला. लहानपणी मोहाच्या झाडावरून पडलो, तेव्हा मोडलेलं हाड बांधायला डॉक्टरांनी त्यात तार बसवली होती. सुनीतालाही हे ठाऊक नव्हतं. आणि त्या मशीनमध्ये मी कधी गेलोच नव्हतो.

तिथंच आडवा झालो, हात स्कॅन करवला. दोन्ही फिल्म उजेडावर एकावर एक धरल्या — तोच बाक, तोच पीळ.

मग प्लास्टर सगळ्यांसमोर फोडलं. प्राध्यापक ब्रशनं माती झाडत गेले. हाड सरळ. तार नाही.

कितीतरी वेळ ते फिल्मच्या कोपऱ्यातलं माझं नाव बघत होते. "शेंडेसाहेब, मशीन तुमचं, नाव तुमचं, हातही तुमचाच," एवढंच म्हणाले. नागपूरला दाखवून परत पाठवतो, असं सांगून दोन्ही फिल्म घेऊन गेले. त्या गेल्या त्या गेल्याच. मशीनमध्ये जागा कमी, फिल्म निघाली की आम्ही आतलं चित्र पुसायचो.

अहवालात माझ्या सेंटरचं नाव मात्र छापलं. पुढे लिहिलं — 'चित्रण सदोष'. गावातले डॉक्टर पेशंट पाठवायला कचरू लागले.

मशीन सदोष होती, तर तिनं माझ्याच हाताची तार कुठून आणली? थंडीत हात ठणकला की केशोरीचा तो माणूस आठवतो. त्याचा हात तर धड होता.

प्राध्यापक सर, तुम्ही स्वतः उभं राहून पाहिलं होतं. सदोष काय होतं ते सांगा. आणि माझी फिल्म आणा.