वाट मागणारे पास्टर दादा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार पास्टर दादांचे आहेत, आणि पास्टर दादांना माकडांची भीती वाटते. ही दोन्ही वाक्यं अशी जोडून लिहिणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण खरं आहे ते आधी लिही, शोभेचं नंतर बघू, असं त्यांनीच मला शिकवलं. वस्तीवर वानरं उतरली की काकी, म्हणजे दादांची आई, काठी घेऊन अंगणात धावायची आणि दादा आतून कडी लावून घ्यायचे. असा माणूस मिशनरी होऊन आफ्रिकेत गेला.

आमची वस्ती नवापूर तालुक्यात, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या डोंगरात. बाजार खांडबाऱ्याचा, मजुरी गुजरातची, घरची बोली मावची. मराठी आम्हाला शाळेत भेटली. आमच्या पणज्यांच्या वेळी कुठल्याशा थंड देशातून गोरे मिशनरी या डोंगरात आले. ते बैलगाडीनं फिरायचे आणि इथल्या वाघांच्या गोष्टी आपल्या घरी लिहून पाठवायचे, असं म्हातारे सांगतात. आता आमच्या मंडळीनं, म्हणजे आमच्या चर्चनं, आपलाच एक पोरगा टांझानियाला पाठवला. दादांनी तेव्हा तिशीही गाठली नव्हती. काकीनं एवढंच विचारलं की हे गाव सुरतेच्या पुढे आहे का. दादा म्हणाले, थोडं पुढे आहे.

मंडळीला दर महिन्याला अहवाल हवा असायचा, तोही मराठीत. दादांना लिहिण्याचा कंटाळा. मी तेव्हा नंदुरबारला वसतिगृहात राहून बी.ए. करत होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. दादा मला मोबाइलवर मावचीत बोलून पाठवायचे आणि मी ते मराठीत उतरवायचो. वसतिगृहातली मुलं माझ्या उच्चारांना हसायची, म्हणून लिहिताना मी सूड उगवल्यासारखे जड शब्द वापरायचो. दादांना पहिल्यांदा रस्त्यात हत्ती दिसला, तेव्हा मी लिहिलं, ‘विशालकाय गजराज मार्ग रोखून उभे ठाकले.’ ते त्यांना वाचून दाखवलं. मग ते म्हणाले, “हत्ती लिही रे. गजराज मला भेटला नाही. आणि त्यानं काही रोखलं नाही, तो झाड खात होता. अडलो मी होतो.” माझं सगळं मराठी शिक्षण खरं तर या चार वाक्यांत झालं. पदवी नंतर विद्यापीठानं दिली.

तिकडे त्यांच्याकडे एक जुनी मोटारसायकल होती आणि मागच्या सीटवर एक म्हातारे सुवार्तिक, म्हणजे तिकडच्या चर्चचे प्रचारक. त्यांना दादा ‘बाबू’ म्हणायचे. बाबू म्हणजे तिकडे आजोबा. बाबूंचे गुडघे गेलेले. लाल मातीच्या रस्त्यानं वाड्यावाड्यांवर जाऊन उपदेश करायचा तो बाबूंनी, दादांनी फक्त गाडी चालवायची, असं पहिलं वर्षभर चाललं. मंडळीला वाटत होतं की आपला माणूस आफ्रिकेला वचन ऐकवतो आहे. दादांनी पहिल्याच अहवालात कळवलं होतं, ‘मी ड्रायव्हर आहे. गाडी बरी चालवतो.’ मंडळीच्या सेक्रेटरी गुरुजींनी रविवारी चर्चमध्ये अहवाल वाचताना ते वाक्य गाळलं.

दादांच्या अहवालात प्राणी फार असायचे, आणि त्या प्रत्येक प्रसंगात दादांची फजिती असायची. एकदा शहामृग गाडीच्या बरोबरीनं पळू लागलं. दादांनी वेग वाढवला तर त्यानंही वाढवला. शेवटी दादांनी गाडी थांबवून त्याला पुढे जाऊ दिलं. एकदा बबून जातीच्या दांडग्या माकडानं त्यांची पिशवी पळवली. भाकरी खाल्ली, आणि मग दगडावर बसून पिशवीतली पत्रकं एकेक करून उलगडून बघितली. दादा लांब उभे राहून बघत होते. ‘या भागात माझी पत्रकं इतक्या मन लावून पहिल्यांदाच कुणी पाहिली,’ असं त्यांनी सांगितलं. हे मी तसंच लिहिलं. गुरुजींनी तेही गाळलं.

पण गाळून भागत नव्हतं, कारण लोकांना सिंह हवा होता. उपासना संपली की बायाबापड्या गुरुजींना गाठून विचारायच्या. खांडबाऱ्याच्या बाजारात भांड्यांचा दुकानदार मला दर वेळी अहिराणीत हटकायचा, “काय रे, तुन्हा पास्टरले सिंह भेटना का नही अजून?” मी नाही म्हटलं की तो माझ्याकडे अशा नजरेनं बघायचा, की जणू सिंह मीच अडवून ठेवला होता. मग गुरुजींनी थोडी मदत केली. एका अहवालात रात्री तरस ओरडल्याचं होतं. चर्चमध्ये ते वाचून होईपर्यंत त्या तरसाला आयाळ आली होती. फोनवर हे कळल्यावर दादा म्हणाले, “गुरुजींना सांग, मी इथं सिंहाला भेटायला आलेलो नाही. आणि तो मला भेटायला येऊ नये म्हणून मी रोज प्रार्थना करतो.”

तिसऱ्या वर्षी मात्र एक जनावर खरंच भेटलं. तो बिबट्या होता. ही बातमी ऐकून वस्तीची मोठी निराशा झाली. काकीचं म्हणणं पडलं की बिबट्याच बघायचा होता तर तळोद्याच्या उसात भरपूर आहेत, एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता आलं असतं.

झालं होतं ते असं. संध्याकाळी दोघं परत निघाले होते. एका वळणावर गाडी बंद पडली. दादांनी मान वर केली तर रस्त्याच्या मधोमध बिबट्या बसलेला. मागे गुडघे गेलेले बाबू, म्हणजे पळण्याचा प्रश्नच नव्हता. दादांनी हेल्मेट काढलं, पायातले बूट काढले, हात जोडले आणि त्या बिबट्याशी मावचीत बोलू लागले.

आमच्याकडे हे नवं नाही. डोंगरात गावाच्या शिवेवर अजूनही वाघदेव उभे आहेत. ख्रिस्ती झालेल्या आमच्या घरांनी त्यांना पुजणं सोडलं, त्याला दोन-तीन पिढ्या झाल्या. पण जंगलातल्या वाटेवर जनावर आडवं आलं तर म्हातारी माणसं पायातलं काढून उभी राहत आणि त्याच्याकडे वाट मागत. आम्ही कोण, कुठले, ते सांगत. दादांच्या आजानंही मरेपर्यंत तेच केलं. रविवारी चर्चमध्ये पहिल्या ओळीत बसायचा आणि सोमवारी मोहाच्या झाडाखाली वाघाला नमस्कार घालायचा. दोन्हीत त्याला काही अडचण वाटली नाही. नातू लहानपणी त्याच्याबरोबर हिंडायचा, तेव्हा ते शब्द कानावर पडलेले.

बिबट्यानं ऐकून घेतलं, उठला आणि गवतात गेला. मागून बाबूंनी विचारलं, ही कुणाची प्रार्थना? दादा म्हणाले, माझ्या आजाची.

हे सगळं त्यांनी अहवालासाठी बोलून पाठवलं. मी एकदा विचारलं की हे नक्की लिहू का. ते म्हणाले, झालंय ना, मग लिही. मी लिहिलं. त्या रविवारी अहवाल वाचलाच गेला नाही.

थोड्याच दिवसांत दादा सुट्टीवर घरी आले. त्यांना परत पाठवायचं की नाही, हे मंडळीच्या पंचांनी ठरवायचं होतं. दादांना परत जायचं होतं, यात काही लपलेलं नव्हतं. ते आल्यापासून बाबू वाडीच्या बाहेर पडले नव्हते. त्यांना मागे बसवून नेणारं दुसरं कुणी नव्हतं. रोज फोनवर ते एकच विचारायचे, कधी येतोस?

बैठक चर्चमध्येच झाली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडून. अहवाल माझ्या हातचा, म्हणून मलाही बसवलं होतं. मंडळीचे अध्यक्ष, ज्यांना सगळेच आजा म्हणतात, ते मधोमध. ते आमच्या भागातले सर्वांत जुने पंच. होळीचा ढोल लांबून ऐकू आला तरी दार लावून घेणारा माणूस. त्यांच्या शेजारी एक जाडसर पंच होते. दादा तिकडे देव शिकवायला गेले आणि जनावराला देव करून आले, असं ते बराच वेळ वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगत राहिले.

गुरुजी मनानं वाईट नव्हते. त्यांना दादांना वाचवायचं होतं. ते दादांना म्हणाले, “तू एवढंच म्हण, की वरून हात जोडले तरी मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना चालू होती. मी तसं लिहून घेतो. मनातलं कोण बघतो?”

दादा म्हणाले, “ज्याच्याबद्दल मी तिकडे सांगत फिरतो, तो बघतो ना, गुरुजी.”

मग तेच पुढे म्हणाले, “प्रार्थना सुचली असती तर केलीच असती. गाडी चालू झाल्यावर केली. पण त्या वेळी माझा आजा सुचला. तुम्हाला यासाठी मला पाठवायचं नसेल तर पाठवू नका. पण झालं नाही ते मी झालं म्हणणार नाही.”

जाड पंचांना हे उत्तर उद्धट वाटलं. त्यांनी विचारलं, असं बोललास तरी काय त्या जनावराशी, ते तरी कळू दे सगळ्यांना. दादा जरा लाजले. मग खाली बघत म्हणाले, “वाट तुझी आहे, मी नुसता जातोय. मी अमक्या गावचा, अमक्याचा पोर...”

“तसं नाही,” अध्यक्ष आजा म्हणाले. डोळे मिटूनच. “आधी गाव. गाव सांगितल्याशिवाय वाट मागायची नसते.”

“गाव, मग बापाचं नाव,” जाड पंच म्हणाले, “आणि मग वाट. आणि शेवटी तूही सुखानं जा, असं म्हणायचं. ते म्हटलंस का?”

दादा म्हणाले, ते राहिलं.

“ते राहायला नको होतं,” आणखी एक पंच खिडकीजवळून म्हणाले.

मग आपण काय बोलून बसलो, ते सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. जाड पंचांनी रुमाल काढून मान पुसली. गुरुजींनी पेन हातात धरून विचारलं की हे कामकाजात घ्यायचं का. अध्यक्ष आजांनी डोळे उघडले आणि म्हणाले, चहा सांगा कुणीतरी.

त्या दिवशी निर्णय झाला नाही. भात निघाल्यावर बघू, असं ठरलं. दादा वाट बघत घरी बसणारे नव्हते. सख्ख्या भावाबरोबर ते ऊसतोडीला गुजरातमध्ये निघाले. खांडबाऱ्याच्या स्टेशनावर मी पोचवायला गेलो होतो. कोयते गोणपाटात गुंडाळलेले, डोक्यावर भांड्यांचं बोचकं. भांड्यांचा दुकानदार तिथंही भेटला आणि म्हणाला, “पास्टर, आते उसमा सिंह देखाले चालनात का?” दादा हसले आणि त्याला म्हणाले की उसात भेटला तर तुम्हालाच पहिला फोन करीन. गाडीत चढल्यावर माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, “बाबूंचा फोन आला तर सांग, येतोय. नाही ठरलं तर... नको, येतोय एवढंच सांग.” खरं तेच सांगणाऱ्या त्या माणसाकडून इतकं अपुरं वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

दरम्यान माझा निकाल लागला. गुरुजींना मोतीबिंदू झाला आणि वस्तीतला एकमेव पदवीधर म्हणून मंडळीची पत्रं लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. पंच फोनवरचा निर्णय निर्णय मानत नाहीत, त्यामुळे पहिलंच पत्र मला दादांना लिहावं लागलं. बोलताना मी त्यांना ‘तू’ म्हणतो, लिहिताना हात ‘तुम्ही’कडे वळतो. पत्र असं होतं:

‘पास्टर दादांना सप्रेम सलाम.

काल पंचांची बैठक झाली. तुम्हाला पुन्हा टांझानियाला पाठवायचं ठरलं आहे. विरोधात कुणी बोललं नाही. बाजूनंही फारसं कुणी बोललं नाही, अध्यक्ष आजांनी हात वर केला आणि मग सगळ्यांचे वर झाले. गुरुजींच्या सूचनेवरून ठरावात एक वाक्य आहे, की यापुढे अहवालात प्राण्यांची माहिती आवश्यक तेवढीच असावी. आवश्यक म्हणजे किती, ते ठरलेलं नाही.

मुकादमाला सांगून लगेच निघा. काकीनं नागलीचं पीठ दळून ठेवलं आहे. बाबूंना फोन तुम्हीच करा. मी केला होता, पण आम्हा दोघांची इंग्रजी एकमेकांना कळली नाही. तुमचं नाव तेवढं ते चार-पाच वेळा म्हणाले.

कागदावर सही केल्यावर अध्यक्ष आजांनी मला ओट्यावर बसवून ठेवलं आणि तुम्हाला निरोप दिला. तो त्यांच्याच शब्दांत लिहितो. “ते शब्द आपल्या डोंगरातल्या वाघाचे आहेत. तिकडच्या बिबट्यानं ऐकले, हा त्याचा चांगुलपणा. सिंहाला ते चालतील का, मला ठाऊक नाही. गेलास की तिथल्या म्हाताऱ्यांना विचारून घे, ते सिंहाला काय म्हणतात.”

मी निघालो तर त्यांनी परत हाक मारली आणि म्हणाले, “आणि प्रार्थना आधी, असंही लिही.”

लिहिलं आहे.

तुमचा धाकटा भाऊ’