तिसऱ्या ओळीनंतरचे दोन ठोके

अंधेरीच्या आमच्या गावठाणातला क्लबचा बँड माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. सुरुवातीचं माणूस आज त्यात एकही नाही. कोणी वारलं, कोणी वसईला राहायला गेलं, कोणाचे दात पडले आणि फुंकणं सुटलं. युनिफॉर्म तर तीनदा बदलला. आता मोठ्या ड्रमवर कॉलेजातली एक मुलगी आहे. तरी लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या आंघोळीचं पाणी, आमच्यात त्याला उंबराचं पाणी म्हणतात, ते आणायला मंडळी विहिरीकडे निघाली की तीच चाल, तोच डौल! हे टिकतं कसं, देवाशप्पथ मला कळत नाही.

माझे पप्पा या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. विक्रोळीच्या कारखान्यातून शिफ्ट करून आले तरी प्रॅक्टिस चुकवायचे नाहीत. मग छातीचं दुखणं मागे लागलं. मी दहावीत असताना एका लग्नात, विहिरीपाशीच, तिसऱ्या ओळीच्या शेवटी त्यांचा दम तुटला. सूर मध्येच बंद, आणि सगळं गावठाण बघतंय! मोठा ड्रम वाजवणारे काका पप्पांचे जिवलग. त्यांनी पटकन दोन ठोके हाणले, धम् धम्. तेवढ्यात पप्पांनी श्वास घेतला आणि पुढची ओळ धरली. मग वर्षभर दर लग्नात हेच. पप्पा थांबायचे, काका सांभाळून घ्यायचे.

घरी येऊन पप्पा ट्रम्पेट पुसत बसायचे. "माझ्यामुळे बँडची शोभा होते गं," म्हणायचे. शेवटी एक दिवस ट्रम्पेट क्लबच्या कपाटात ठेवून आले. तीच खंत घेऊन गेले बिचारे. मला त्या विहिरीचा असा राग बसला की परत तिकडे पाऊल टाकलं नाही. लग्न होऊन बोरिवलीला गेले. माहेरी कार्य असलं की "तुम्ही जा, मी मटण बघते," हे माझं ठरलेलं.

यंदा भावाच्या मुलीचं लग्न निघालं. नवरीची आत्या मी, कळशी घ्यायलाच हवी, सुटका नाही. चार दिवस आधी मी माहेरी आले, तर बँडचा नवा मास्तर चाली ठरवायला घरी आला. पोरगा हुशार, नोटेशन वगैरे शिकलेला.

"आंटी, तिसऱ्या ओळीनंतर ते दोन ठोके आहेत ना, ते चालीत बसतच नाहीत. ट्रम्पेट उगाच थांबतो. जुन्यांपैकी कोणाची तरी चूक असणार. काढून टाकतोय, चालेल ना?"

म्हणजे अजून वाजवतात? पप्पांना कधी पाहिलंही नाही अशी ही पोरं इतकी वर्षं पप्पांचा तुटलेला दम वाजवतायत! मग वाटलं, बरंच झालं, पुसून जाऊ दे एकदाची ती शोभा.

"काढ रे," मी म्हटलं. चूक कोणाची, ते सांगितलं नाही.

विहिरीवर पाणी भरून झालं. आम्ही सात जणी कळशांना हात लावून वाकलेल्या. बँड सुरू झाला. तिसरी ओळ संपली, ट्रम्पेट न थांबता सरळ पुढे गेला. आणि एकीनेही कळशी उचलली नाही! सगळ्या तशाच वाकून एकमेकींकडे बघतायत. मी आपली त्यांच्याकडे बघतेय. शेवटी आमची म्हातारी मावशी कंबर धरून ओरडली, "अरे, ठोके कुठे गेले? कळशी उचलायची कशावर? वाट लावली नुसती!"

बँड थांबला. मास्तरचं तोंड एवढंसं झालं. त्याने ड्रमवरच्या मुलीला खूण केली आणि चाल पहिल्यापासून धरली. तिसरी ओळ आली. ट्रम्पेटवाल्या पोराची छाती चांगली धडधाकट, पण तो थांबला, अगदी पप्पा थांबायचे तिथेच. धम्, सातही कळशा कमरेला. धम्, डोक्यावर. बाप रे! पप्पांना श्वास घ्यायला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात कळशी उचलायची रीत या बायकांनी कधीची पाडली होती, आणि मला पत्ताच नाही! मी बसले होते मटण ढवळत.

परतताना मास्तर माझ्या बाजूने चालायला लागला. "सॉरी आंटी. भारीच आहे हे. पण बसवलं कोणी?"

"माझ्या पप्पांनी," मी मोठ्याने म्हटलं.

दोन्ही हात डोक्यावरच्या कळशीला होते. डोळे पुसायची सोय नव्हती.