फेस न येणारा साबण

आमचे मालक लोकांच्या घरी जाऊन भांडी घासत. पँट वर दुमडून मोरीत बसत आणि कालवण करपलेलं पातेलंच मागून घेत. बोळिंजच्या एका बाईने त्यांना विचारलं होतं, घरी बायको घासायला देत नाही का. मालक म्हणाले, "देते, पण शाबासकी देत नाही."

गास गावी त्यांच्या वाडीत भांड्यांच्या साबणाचा छोटा कारखाना होता. आम्ही चार बायका वड्या कापून बांधायचो. तिथलं सांडपाणी मागच्या अळवाला जाई. एका वर्षी अळू पिवळं पडलं. मालकांनी फेसाचं रसायन बंद केलं, रिठा आणला, वड्यांना प्लास्टिकऐवजी कागद गुंडाळायला लावला. आमचा माल घेणारा व्यापारी म्हणाला, सरकार काही बोलत नाही, तुम्हालाच कसली घाई? मालक म्हणाले, "अळू बोललं ना."

भांडी स्वच्छ निघत, पण फेस जेमतेम येई. फेस नाही म्हणजे साबण खोटा, असं गिऱ्हाइकांना वाटे. म्हणून मालक घरोघर घासून दाखवत. मी पिशवी घेऊन सोबत जायचे आणि दाराबाहेरच उभी राहायचे. ते मला आत बोलावत. "बाय, तू सांग, आता हात सोलतात का?" मला बोलता यायचं नाही. मी नुसते हात पुढे करायचे.

तरी माल परत येऊ लागला. शेवटी व्यापाऱ्याने सांगितलं, पहिल्यासारखा फेस आणा, सगळा माल उचलतो. नाहीतर आपलं संपलं. मालकांनी आम्हाला ओट्यावर बसवून हे सांगितलं. कारखाना माझा असला तरी पोट तुमचंही आहे, तुम्ही म्हणाल तसं करू, म्हणाले. बाकीच्या खाली बघत राहिल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "नको, मालक."

शेजारी बसलेल्या फिलोमिनाने मला चिमटा काढला, पण हो तिनेही म्हटलं नाही.

मालक हळूच म्हणाले, "बरं झालं बोललीस. मी हो म्हणून मोकळा होणार होतो."

पावसाआधी कारखाना बंद झाला. पुढच्या नाताळाच्या आत मालक गेले.

आता मी बोळिंजच्या इमारतींत भांडी घासते. साबण त्या त्या घरचाच असतो, फेस भरपूर येतो, बोटं पुन्हा सोलली आहेत. बायका चांगल्या आहेत. चहा देतात, सणाला साडी देतात. पण मला काय वाटतं, हे मालकांनंतर कोणी विचारलेलं नाही.