हा नंबर नाशिकला चालेल का?

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं ऐकून कुणाला धक्का बसायला नको. हे सगळं दादांबद्दल आहे. दादा म्हणजे माझे सासरे, बाबूराव दाभाडे. वय चौऱ्याहत्तर, अंगाने किरकोळ, आणि आवाज असा की इंदूरबाहेर राऊला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यांनी 'चहा झाला का' विचारलं की खाली चौकीदार मान वर करतो. बत्तीस वर्षं इथल्या कापड मिलमध्ये विणकाम खात्यात होते. मिल बंद पडल्यावर सियागंजात एका ठोक व्यापाऱ्याचं गोदाम सांभाळलं. इंदूर सोडून चार दिवस कुठे राहिले नाहीत. आणि या माणसाने गेल्या महिन्यात एका रविवारी, पोहे खाता खाता जाहीर केलं की आपण आता मोठ्या मुलाकडे नाशिकला जाणार. कायमचं.

"पुढच्या रविवारची बस बघ रे," ते रजतला म्हणाले. रजत माझा नवरा, पीथमपूरला कारखान्यात आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांवरची शेव चमच्याने इकडची तिकडे करत बसले, कारण दादा का चालले आहेत ते मला ठाऊक होतं. माझ्यामुळे.

मी विजय नगरला एका मोठ्या टेलिकॉम कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये आहे, मराठी डेस्कवर. महाराष्ट्रातून काय, इथूनही कुणी मराठीचं बटण दाबलं की फोन आम्हा इंदुरी लोकांकडे येतो. साताऱ्याचे एक गृहस्थ मला म्हणाले होते, "मॅडम, तुम्ही नक्की मराठीच बोलताय ना?" काय सांगणार त्यांना, आमच्याकडे आजीसुद्धा 'मतलब' आणि 'बिलकुल'शिवाय वाक्य पुरं करत नाही. पूर्वी मी साधे कॉल घ्यायचे. आता टीम लीडर आहे. म्हणजे काय, तर चिडलेला माणूस 'तुमच्या वरच्याला द्या' म्हणाला की ती वरची मी, मंजिरी दाभाडे. सकाळी दहापासून सहापर्यंत मी फक्त चिडलेल्या लोकांशी बोलते. आमच्या भिंतीवर मोठं पोस्टर आहे, घर आणि काम यांचा तोल सांभाळा म्हणून. त्यावर एक हसरी बाई आहे. ती कुठल्या शिफ्टची आहे देव जाणे.

संध्याकाळी सातला कंपनीची गाडी मला राऊला सोडते, तेव्हा माझ्यात एक शब्दही उरलेला नसतो. हे थकणं वेगळं असतं. पाय चालतात, हात कणीक मळतात, पण तोंड उघडायचं म्हटलं की जीव नकोसा होतो. आणि नेमके तेव्हा दादा दारात उभे असायचे. पलक, आमची मुलगी, त्या वेळेला ट्यूशनला असते, रजतला यायला नऊ वाजतात. दादा दिवसभर एकटे. आधी शहरात, परदेशीपुऱ्यात होतो तेव्हा त्यांना ओट्यावर बसायला दहा दोस्त होते, सासूबाई होत्या. सासूबाई गेल्या, आम्ही फ्लॅटच्या नादात इकडे आलो, आणि दादांच्या दिवसभराच्या सगळ्या बातम्या एका माणसासाठी साठून राहायला लागल्या. लिफ्ट बंद पडली, खालच्या मजल्यावर सांवेरचं कुटुंब राहायला आलं, त्यांच्याकडे घरचे गहू आहेत, दूधवाल्याने आज दोन वेळा बेल वाजवली. चपला काढायच्या आत सगळं सुरू.

मी 'हो का', 'अच्छा' करत ऐकायचे. सहा वर्षं ऐकलं. मग त्या दिवशी डोकं फिरलं. एका ग्राहकाने चाळीस मिनिटं माझ्या आईबापांचा उद्धार केला होता, आणि फोन मी ठेवायचा नाही असा नियम. घरी आले तर दादा दारात, शेजारचे दोघं जिन्यात, आणि लिफ्टची कहाणी. मी ओरडले, "दादा, जरा गप्प बसता का हो! किती बोलाल?"

शेजारी खाली बघत निघून गेले. दादा 'हो, हो' म्हणाले आणि बाजूला झाले. दुसऱ्या दिवसापासून ते दार उघडायचे, पाण्याचा पेला माझ्या हातात द्यायचे आणि आपल्या खोलीत जाऊन बसायचे. तीन आठवडे असं चाललं. त्यांचा तो चौकीदाराला ऐकू जाणारा आवाज घरात येईनासा झाला.

तुम्ही म्हणाल, माफी का नाही मागितली? मागणार होते. पण मी दिवसातून साठ वेळा म्हणते, 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.' मनापासून. नागपूरला, कोल्हापूरला, जळगावला. त्यामुळे दादांसमोर उभी राहिले तेव्हा जिभेवर तेच वाक्य आलं, आणि मला स्वतःचीच शिसारी आली. आज म्हणू, उद्या म्हणू करत राहिले, आणि मधेच नाशिक उपटलं. लोक म्हणतील सुनेने घालवला, हे तर होतंच. पण लोक गेले खड्ड्यात. मला ते जायला नको होते. या घरात मी आले तेव्हा माझा बाप जाऊन वर्ष झालं होतं, आणि दादांनी मला एकदाही त्याची उणीव भासू दिली नाही. अशा माणसाला मी दारात, लोकांसमोर, गप्प बसा म्हटलं होतं.

बस रविवारची. शुक्रवारी दुपारी मी टीमच्या कॉलची रेकॉर्डिंग तपासत होते. कुठलाही कॉल पंधरा मिनिटांच्या वर गेला की तो आपोआप तपासायला येतो, कारण आमच्याकडे पाच मिनिटांत माणूस वाटेला लावायचा असतो. समोर सोनलचा कॉल आला. सोनल चोवीस वर्षांची, टीममध्ये नवी. अठरा मिनिटं. मी मनात म्हटलं, हिला आज धरते चांगली. हेडफोन लावला.

"नमस्कार, मी सोनल, काय मदत करू?"

"बेटा, मला हे विचारायचंय, हा माझा नंबर नाशिकला चालेल का?"

माझा हात माऊसवरच राहिला. तो आवाज मी हजारांत ओळखेन.

ओळखीच्या माणसाचा कॉल तपासायचा नाही, लगेच परत पाठवायचा, असा नियम आहे. मी तो मोडला. सोनल सांगत होती की चालेल काका, बिलकुल चालेल. दादांनी तीनदा विचारलं. नंबर बदलणार नाही ना? "माझ्या सुनेला पाठ आहे हा. दुसरे कुणाचे नंबर तिच्या लक्षात राहात नाहीत, पण हा राहतो. तिला कधी लागला तर लागायला पाहिजे."

"शिफ्ट होताय का काका?"

"हो. मोठ्याकडे." मग दादा म्हणाले, "बेटा, तुम्ही लोक दिवसभर बोलता. घरी गेल्यावर काय करता?"

सोनल हसली. हे उत्तर कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नाही. "खरं सांगू का काका? मी घरी जाऊन बाथरूममध्ये नळ सोडून बसते. पंधरा मिनिटं. मम्मीला वाटतं आंघोळ करतेय. ती बाहेरून विचारते, काय खाणार, आणि मला रडू येतं, मतलब काही कारण नसताना. मम्मीची काही गलती नसते."

"बघ," दादा म्हणाले. "बघ, असंच. आमची सून तुमच्याच लाईनीत आहे. नाव नाही सांगत, उगीच तिला त्रास. मी काय करायचो, रोज तिला दारातच गाठायचो. मिलमध्ये मागांचा एवढा आवाज असायचा की आठ तास शब्द बोलता यायचा नाही. मग घरी गेलो की मी जे सुरू व्हायचो ते झोपेपर्यंत. बायको बिचारी ऐकायची. मला वाटायचं कामावरून आलेल्या माणसाला बोलायचंच असतं. या पोरीचं उलटं आहे हे मला सहा वर्षं कळलं नाही. एक दिवस ती बोलली मला. बरोबर बोलली. आता मी खोलीत बसतो, पण ती येते आणि बघते, दादा खोलीत का बसलेत. तोही तिला त्रासच. मी इथे असेन तोवर तिला घरात मोकळं गप्प बसता येणार नाही. म्हणून म्हटलं, जावं."

"तुम्हाला जायचंय का पण काका?"

"नाही गं," दादा म्हणाले. "मला कुठे जायचंय."

पुढची सहा मिनिटं ते सोनललाच सांगत होते की दुपारी जेवत जा, गाडीत डोळे मिटून बसत जा. मला वाटत होतं माझ्यावर रुसून चाललेत. इतके दिवस मी त्यांचा राग गृहीत धरून बसले होते, आणि तो माणूस मला शांतता मिळावी म्हणून आपलं गाव सोडून चालला होता. माझ्या डोळ्यांना धार लागली. आजूबाजूला साठ माणसं बोलत होती, कुणाचं लक्ष गेलं नाही.

कॉल मी परत पाठवला, 'ग्राहक ओळखीचा' असं लिहून. मग सोनलच्या टेबलाजवळ गेले. "ऊठ, जरा पाय मोकळे करून ये. तुझे कॉल मी घेते."

ती घाबरली. "मॅम, कुछ गलत हुआ क्या?"

"नाही. जा."

ग्राहकाचं बोलणं ऑफिसबाहेर न्यायचं नाही, हा नियम मात्र मी मोडणार नव्हते. शिवाय, दादांना कळलं असतं की मी ऐकलंय, तर त्यांना तोंड लपवायला जागा उरली नसती. घरी आले. दादांनी दार उघडलं, पेला दिला आणि वळले.

"दादा, बाहेर या. बाल्कनीत बसू."

"का गं, काही हवंय?"

"बसा."

बसले. खाली महू रोडवरच्या बस, कॉलेजची पोरं, भुट्ट्याची गाडी. मी काही बोलले नाही, तेही बोलले नाहीत. दहा मिनिटं झाली असतील, ते उठायला लागले. "तू पड जरा. मी आत..."

"बसा म्हटलं ना दादा." आवाज चढलाच. माफी मागायला बसलेली बाई ही अशी. मी श्वास घेतला. "त्या दिवशी मी फार वाईट बोलले. चुकलं माझं."

"ते मी विसरलोसुद्धा."

"मी नाही विसरले. कामावरून आल्यावर माझ्याच्याने बोलवत नाही, हे खरं आहे. पण तुम्ही दार उघडून आत निघून जाता, ते मला त्याहून सोसत नाही. घर रिकामं लागतं."

दादा गुडघे चोळत राहिले. शब्द खरोखरच संपले होते. म्हणून जे मनात आलं ते विचारलं, "मिलमध्ये एवढ्या आवाजात तुम्ही एकमेकांशी बोलायचात तरी कसे?"

"हाताने," ते म्हणाले, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी अंगठा ओठाला लावला. "हा चहा." कॉलर दोन बोटांनी ओढली. "हा जॉबर, म्हणजे आमचा मुकादम आला, सांभाळा." तळवा छातीवर. "घरी सगळं ठीक?" मग उजवा हात पूर्ण वर केला आणि बोटं दोनदा मिटली. "आणि हा म्हणजे, माझ्या मागावर एकदम पुष्कळ धागे तुटलेत, एकट्याला आवरत नाही, इकडे ये."

"मग यायचे लोक?"

"येणार नाहीत तर काय. आपला माग थांबवून यायचे."

मी उजवा हात वर केला. बोटं दोनदा मिटली. दादा बघत राहिले. मी हात खाली घेतला नाही, परत बोटं मिटली. खालून चौकीदार बघत होता, बघू दे. मला रडू फुटत होतं आणि हात दुखायला लागला होता.

दादांनी उठून माझं मनगट धरलं आणि हात हळूच खाली केला. "दिसलं," ते म्हणाले. "एकदाच करायची असते ही खूण. एकदा दिसली की माणूस येतो."

मग त्यांनी खिशातून फोन काढला, नाशिकला लावला, आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात मोठ्या भाऊजींना म्हणाले, "रविवारी येत नाही रे मी. अरे, तब्येत बिब्येत ठणठणीत आहे. भांडणबिंडण काही नाही. इकडे मंजिरीला माझं काम आहे."