मामांच्या चिपमधलं कुत्रं

कुत्र्यावर विश्वास ठेवून माणसांवर संशय घेणारे जगात पुष्कळ असतील; पण कुणाला कधी न दिसलेल्या कुत्र्यावर सगळी श्रद्धा वाहून उरलेल्या जगाला संशयित ठरवणारे एकच, आमच्या ह्यांचे मामा. जालन्यात, स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत ते राहायचे. पुढच्या खोलीत कारखाना, मागच्या खोलीत संसार, आणि दोन्हींकडे सोल्डरच्या धुराचा वास. बियाणं वाळवायच्या यंत्रांचे कंट्रोलर ते बनवत. त्यात गोमेसारखी पुष्कळ पायांची एक काळी चिप असे, आणि त्या चिपमध्ये एक राखणदार कुत्रं राहतं असं ते इतक्या गंभीरपणे सांगत, की आमची मुलं लहानपणी ती चिप कानाला लावून बघायची.

एकदा ते आमच्याकडे भोकरदनला आले असताना मी भाकरी थापत होते. पाट ओढून समोर बसले आणि म्हणाले, "सूनबाई, तुम्ही चिप हायेत असं समजा." मी समजले, न समजून सांगते कुणाला! "तव्यावर लक्ष, दुधावर लक्ष, वरणावर लक्ष. अशी एक फेरी पुरी झाली, की दारातल्या कुत्र्याला तुकडा टाकायचा. येळेवर तुकडा न्हाई आला, की कुत्रं समजतं, बाई चक्कर येऊन पडली. मंग ते येऊन चावतं, बाई दचकून उठते आन् पहिल्यापासून सैपाकाला लागते. बराबर?" मी म्हटलं, बराबर. "आता मधीच घंटा वाजली. हातातलं सोडून तुम्ही उठता, काय हाय ते बघता, जल्दी तव्याकडं येता. त्याला इंटरप्ट म्हणतात. पण घंटेला उठल्यावर जाताजाता कुत्र्याला तुकडा टाकायचा न्हाई. बिलकुल न्हाई!" का टाकायचा नाही, हे मी विचारायच्या आत दूध उतू गेलं. मामा शांतपणे म्हणाले, "बघा. घंटेचं काम चालूच ऱ्हातं, सूनबाई, सैपाक मरून पडला तरी. कुत्र्याला तुकडा मिळत गेला, की त्याला वाटतं घर चालू हाय."

हे ज्ञान त्यांना स्वतःच्याच चुकीतून मिळालं होतं. आपल्या पहिल्या यंत्रात त्यांनी तुकडा टाकायची सोय नेमकी घंटेच्या कामात केली होती. एका दुपारी मुख्य काम, म्हणजे गरमी बघून हीटर बंद करायचं, कुठेसं अडकून पडलं. घंटेसरशी यंत्रावरचे आकडे मात्र इमानाने बदलत होते, कुत्रं तृप्त होतं आणि हीटर चालूच होता. मक्याचं बियाणं भाजून निघालं. मालकाने मूठभर दाणे मामांच्या हातावर ठेवून विचारलं, "मामा, हे पेरायचं, का लाह्या म्हणून वाटायचं?" मामी सांगायच्या, त्या दिवशी मामा जेवले नाहीत.

तेव्हापासून आपसूक येणाऱ्या कुठल्याही उत्तरावरचा त्यांचा विश्वास उडाला. लग्नात कुणी "काय, मजेत?" म्हटलं, की मामा त्याचा हात धरून ठेवत. "मजेत, हे तर घंटा वाजली म्हणून बोललात. झोप लागती का? गुडघा कसाय? सुनेशी जमतंय का?" आमच्या एका चुलत सासऱ्यांना त्यांनी असंच अक्षतांच्या आधी विचारलं. ते बिचारे डोळ्यांत पाणी आणून सुनेबद्दल जे बोलायला लागले, ते पंगत उठली तरी थांबेनात. सून मागेच वाढत होती. नातेवाईक मामांना टाळायचे, त्यात त्यांचं फार चुकत होतं असं नाही.

मामी गेल्या आणि ह्यांनी धोशा लावला, की जालना सोडा, आमच्याकडे या. मूलबाळ नव्हतं. पण कारखाना आणि मामींनी मांडलेलं घर सोडायचं म्हटलं, की मामांचा चेहरा उतरायचा. शेवटी तह झाला. मी रोज संध्याकाळी फोन करायचा. नुसतं "बरा आहे" चालणार नाही, ही अट अर्थात मामांचीच. काय शिजवलं, काय काम केलं, कोण आलं होतं, ही तीन उत्तरं द्यायची. एखादं चुकलं, तर सामान बांधून भोकरदनला यायचं. म्हणजे चावऱ्या प्राण्याच्या जागी माझी नेमणूक झाली.

मामांची उत्तरं चोख असत. "वांगं करून राह्यलो. एक कंट्रोलर दुरुस्त केला. आन् पोस्टातले आल्ते." शेजारचे हे पोस्टातले म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेले त्यांचे मित्र. ते बुद्धिबळात उंट चोरतात, चहा बशीत ओतून बशीवरूनच भांडतात, अशा त्यांच्या रोज नव्या कागाळ्या. आमची मुलं त्या ऐकायला फोनभोवती जमायची.

पुढे एकदा दाताच्या डॉक्टरकडे मी जालन्याला गेले आणि न कळवता मामांच्या गल्लीत शिरले. दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाईंना म्हटलं, "पोस्टातल्यांकडे बसलेत का?" बाई म्हणाल्या, "ते कुठं हायेत आता? लेकाकडं लातूरला गेले, लई दिस झाले. मामाकडं कुणीच येत न्हाई, बाई." तेवढ्यात मामा भाजीची पिशवी घेऊन आले. मला बघून त्यांना इतका आनंद झाला, की कुलपाला किल्ली लागेना. त्यांनी चहा केला. मी तो संपवला. बुद्धिबळाच्या पटावर धूळ होती. गाडीची वेळ झाली म्हणून मी उठले.

संध्याकाळी फोन केला. वांगं झालं, काम झालं. मग तिसरा प्रश्न. "मामा, आज कोण आलं होतं?"

"आज आमची सूनबाई आल्ती, भोकरदनची," ते मलाच सांगू लागले. "न सांगता आल्ती. लई बरं वाटलं. चहात साखर टाकायची राहून गेल्ती, पण तिनं बोलून दाखवलं न्हाई. आजून बसली आस्ती, पण तिची गाडी होती. तिची खुर्ची आजून तिथंच हाय, हलवली न्हाई मी."

फोन ठेवला तेव्हा मला रडू आवरेना. ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग, सामान बांधायला सांगायचं?" मी म्हटलं, "नको. आपणच जात जाऊ."

आम्ही जात राहिलो. पण शाळा, शेत, मुलं. रोज कुठे जमतं? नाही जमलं त्या संध्याकाळी मामा स्वच्छ सांगायचे, "आज कोणी आलं न्हाई, सूनबाई." त्यानंतर फोन खाली ठेवणं मला फार जड जायचं.